कागदाची मागची बाजू

काळ्या शाईची बाटली उघडली, की मला ऐंशी सालच्या सुमाराचा, रविवार कारंजा चौकाजवळचा तो छापखाना आठवतो. गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं काढायचं काम मागायला मी माझी फाइल घेऊन गेले होते. मालकांनी एकेक चित्र उजेडाकडे धरलं, उलटं करून गिरवल्याचे वळ शोधले आणि म्हणाले, "खरं सांग पोरी, भावाने काढलीत ना?" माझं डोकंच फिरलं. टेबलावरचा कोरा कागद ओढून मी त्यांचाच चेहरा काढला, बारीक केलेल्या डोळ्यांसकट. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मग, त्यांच्या डोळ्यांदेखत काढलेला असूनही, तोही उलटा करून पाहिला. काम मात्र दिलं. आता मुली माझ्याकडे फायली घेऊन येतात, आणि चित्र नीट पाहण्याआधीच माझा हात कागद उलटतो.