सोनाबाईची भाकरी आणि माझा फ्लेक्स

आमच्या कळंबात वाढदिवसाला नाक्यावर फ्लेक्स लागला नाही, तर लोक घरी फोन करून विचारतात, शेठ बरे आहेत ना? मी सहदेव. खडी-रेतीचा धंदा, दोन टेंपो आणि फ्लेक्सची भारी हौस. ती हौस मला भोवली असती तर काही वाटलं नसतं. भोवली सोनाबाईला, म्हणून सांगताना मान वर होत नाही.

सोनाबाई आमच्याच गावची, वरच्या आळीतली. पन्नाशीची, काडीसारखी बाई, पण तिनं बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शेतातली म्हैससुद्धा थांबायची. नवरा लवकर गेला. एकटीच्या हिमतीवर तिनं पोरगी शिकवली, लग्न करून दिली. गावापुढच्या रिसॉर्टमध्ये ती चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करायची. मुंबईचे पाहुणे चुलीपुढे खुर्च्या मांडून मोबाईल धरून बसायचे. भाकरी टम्म फुगली की ही ओरडायची, "फुगली गं बाय!" आणि सगळे टाळ्या वाजवायचे. एका बाईनं विचारलं, "मावशी, आम्हालाही शिकवा ना." ही म्हणाली, "तीस वर्सं चुलीपुढं बस, आपोआप येतंय." पगार बेताचा होता, पण त्या टाळ्यांवर बाई खूश असायची.

मागच्या वर्षी तिला खोकला लागला. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या. भावाकडे जाते असं रिसॉर्टमध्ये सांगून ती महिनाभर घरात बसली. औषध लागू पडलं, आता तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा परत चुलीपुढे गेली. हे गावात एकटीलाच ठाऊक होतं, आमच्या आशाताई सुप्रियाला.

आणि इथं मी घुसलो. सरकारची योजना आहे, टीबीच्या रुग्णाला कुणीही दर महिन्याला डाळ, शेंगदाणे, तेल, अंडी अशी टोपली देऊ शकतो. देणाऱ्याला निक्षय मित्र म्हणतात. मला ते नावच आवडलं! लगेच नाव नोंदवलं. ग्रामसभेत भाषणही ठोकलं. "टीबी ताटातून पसरत नाही, भाकरीतून पसरत नाही, रुग्णाला दूर लोटू नका." भाषण सुप्रियानं लिहून दिलं होतं, टाळ्या मी घेतल्या.

पहिली टोपली द्यायला उपकेंद्रात गेलो, तर समोर सोनाबाई. मला धक्काच बसला. तिनं पदर तोंडापर्यंत ओढला. मी मोबाईल सुप्रियाच्या हातात दिला नि म्हटलं, एक फोटो काढ.

"दादा, फोटो नको. पेशंटचं नाव, चेहरा बाहेर जाऊ द्यायचा नाय, तसा नियमच हाय."

"अगं, माझ्यापाशी ठेवायला. सोनाबाई, तुझी काय हरकत नाय ना?"

सोनाबाई टोपलीकडे बघत होती. "काढा," म्हणाली. आता कळतं, ती दुसरं काय म्हणणार होती? टोपली माझ्या हातात होती. नाही म्हणायला मी तिला जागाच ठेवली नव्हती.

महिन्याभरानं माझा वाढदिवस आला. कर्जतला ओमकारच्या दुकानात फ्लेक्स करायला बसलो. वर माझा हात जोडलेला फोटो, खाली 'क्षयमुक्त गावाचा ध्यास घेतलेले सहदेवशेठ', आणि बाजूला टोपलीचा तो फोटो. ओमकार भला पोरगा. त्यानं विचारलं, "शेठ, बाईंचा चेहरा पुसट करू का?"

मी काय म्हणालो ऐका. "अरे, चेहरा दिसला नाय तर लोकांना खोटं वाटेल. उलट जरा मोठा कर."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही, पिऊन नाही, चांगल्या शुद्धीत.

तीन दिवस नाक्यावर फ्लेक्स झळकला. लोकांनी हार घातले. चौथ्या दिवशी धंद्यातली आठ-दहा माणसं घेऊन त्याच रिसॉर्टवर जेवायला गेलो. ऐटीत म्हटलं, "आमच्या सोनाबाईच्या भाकऱ्या आणा!" चुलीपुढं कोणीतरी दुसरीच बाई होती. मॅनेजर राजेश धावत आला, माझा हात हातात घेतला.

"दादा, तुमचे उपकार झाले. तुमचा फ्लेक्स बघितला म्हणून कळलं. नायतर टीबीवाल्या बाईच्या हातचं पाहुण्यांना घालत बसलो असतो. त्याच दिवशी काढली तिला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रामसभेतलं ते भाषण मला तोंडपाठ होतं. अर्ध्या मिनिटाचं काम, राजेशला तिथंच सुनावायचं. पण सोबत माणसं होती, ताटं वाढली होती. मी नुसतं "हं" म्हणालो आणि जेवलो. चांगला पोटभर जेवलो, दुसऱ्यांदा भातही घेतला.

घरी बायको विनिताला सांगितलं. ती म्हणाली, "मिरवायची हौस तुमची नि चूल विझली तिची." दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाक्यावर गेलो, शिडी लावली आणि स्वतः फ्लेक्स उतरवला. लोक विचारत होते, शेठ, इतक्यात का? मी दोऱ्या सोडत राहिलो.

खाली उतरतोय तर सुप्रिया उभी. एवढीशी पोर, पण मला रस्त्यात झापलं. "काढून काय उपयोग? सोनाबाईनं गोळ्या बंद केल्यात. चार दिवस झाले. आळीतली बाई तिच्याकडं पाणी पीत नाय. म्हणते, मरू दे, आता कोणासाठी बरी होऊ? गोळ्या मधेच सोडल्या तर आजार उलटतो दादा, मग साध्या औषधाला दाद देत नाय. तुमी गेलात तर जरा ऐकेल. नायतर शिव्या तरी देईल."

तसाच गेलो. सोनाबाई ओट्यावर बसली होती. शिव्या दिल्या नाहीत. "या," म्हणाली. ते शिव्यांहून वाईट लागलं.

मी हात जोडले, फ्लेक्सवर जोडतो तसे नाहीत. "चुकलो, सोनाबाई. माझं चुकलं. राजेशकडे जातो, तुला परत कामावर घ्यायला लावतो. त्याला सांगतो, भाकरीतून टीबी होत नाय. पण तू गोळ्या घे."

"सांगाल?"

"आईशप्पत!"

ती उठली, आत गेली. चुलीचा धूर आला, थापल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ताटलीत गरम भाकरी नि लसणाची चटणी घेऊन बाहेर आली. भाकरी तशीच टम्म फुगलेली. ताटली माझ्यापुढं धरली.

"मग आधी खा."

आणि माझा हात थांबला.

अहो, एक क्षण. पापणी लवायला लागतो तेवढाच. मला सगळं ठाऊक होतं, डॉक्टर काय म्हणाले तेही. तरी हात थांबला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सोनाबाईनं तो हात बघितला. तीस वर्षं लोकांच्या हातात भाकरी देणारी बाई ती, तिला हात कळत नसेल?

"असू दे दादा," ती म्हणाली. "तुमालाच भ्या वाटतंय, तर राजेशला काय सांगाल?"

मग मी भाकरी ओढून घेतली आणि खाल्ली. सगळी खाल्ली, चटणी पुसून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, ते चटणीचं म्हणून दाखवलं. तिनं पदराला हात पुसले. कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट काढलं, माझ्यासमोर गोळ्या घेतल्या, वर तांब्याभर पाणी प्यायली.

"तुमच्यासाठी नाय घेत," म्हणाली. "मी मेले तर आळी म्हणेल, बघा, खरं होतं. त्यांना ती मजा का देऊ?"

राजेशकडे गेलो, भाकरीतून टीबी होत नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "दादा, तुमी सोता खाल्ली?" मी म्हटलं, "खाल्ली." लगेच खाल्ली का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही. गोळ्या पुऱ्या झाल्यावर, डॉक्टरांचा कागद बघून, त्यानं तिला परत घेतलं. मधले चार महिने ती घरी बसून होती. टोपल्या मी पाठवत राहिलो, सुप्रियाच्या हातून, फोटोविना.

आता पाहुणे पुन्हा टाळ्या वाजवतात. यंदा माझ्या वाढदिवसाला फ्लेक्स नव्हता, चार लोकांनी फोन करून तब्येत विचारली. रिसॉर्टवर कधी गेलो, तर सोनाबाई माझी भाकरी वाढप्याच्या हाती देत नाही. चुलीपासून उठून स्वतः आणते, ताटात ठेवते आणि मी पहिला तुकडा मोडेपर्यंत माझ्या हाताकडे बघत उभी राहते.