केरबा फिटरचं पाचशे तुकड्यांचं तळं

केरबा मगदूम रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या तपासल्या. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या तपासल्या. आठवडाभरात उचगावातल्या त्यांच्या गल्लीत एकही दार कुरकुरायचं राहिलं नाही आणि केरबांना काही काम उरलं नाही.

छत्तीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून काढली होती. पंपाचे सुटे भाग एकमेकांत बसवायचे आणि बसत नसेल तर कानशीनं घासून बसवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हातनं गेलेला पंप कधी गळत परत आला नाही. आता हा माणूस सकाळी नऊ वाजता आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसायचा आणि दाराकडं बघायचा. दार कुरकुरत नव्हतं. गॅसवाला सिलिंडर कसा उतरवतो, गवंडी ओळंबा कसा धरतो, यावरनं गल्लीत तीन भांडणं झाल्यावर ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, "डोकं शांत ठेवा. एखादा छंद लावून घ्या."

घरी येऊन केरबांनी बायकोला विचारलं, "तानाबाई, छंद म्हंजे नेमकं काय करायचं आसतंय?"

"मला काय ठावं," तानाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "मला कुठं येळ मिळालाय."

छंद आला तो मे महिन्यात, पुण्याहून, नऊ वर्षांच्या नातीच्या बॅगेतनं. अवनी आईबरोबर, म्हणजे केरबांची लेक प्रियदर्शनी हिच्याबरोबर, सुट्टीला आली आणि तिनं जमिनीवर एक खोकं उपडं केलं. पुठ्ठ्याचे पाचशे तुकडे. खोक्यावर चित्र होतं: निळं तळं, त्यात एक लाल होडी, काठाला लाल कौलांची घरं, मागं बर्फाचे डोंगर.

"रंकाळाच की," तानाबाई म्हणाल्या. "फकस्त भेळेच्या गाड्या न्हाईत."

केरबांनी एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला. एका अंगाला गोल कान, दुसऱ्या अंगाला खाच. कान खाचेत बसवायचा. त्यांच्या अंगावर काटाच आला. हे तर त्यांचंच काम होतं, आणि तेही ग्रीसशिवाय.

"आधी चौकट करायची, आजोबा," अवनीनं शिकवलं. "सरळ कडेचे तुकडे वेगळे काढायचे."

"आधी लाईन धरायची. बराबर हाय."

मग केरबांनीही तिला एक गोष्ट शिकवली. दोन तुकडे जुळले की डोळे मिटायचे आणि जोडावरनं बोट फिरवायचं. "डोळं आपल्याला पायजे तेच बघत्यात. बोटाला जोड लागला न्हाय, तरच जॉब पास." अवनीला ते फार आवडलं. त्यानंतर ती प्रत्येक जोडावरनं डोळे मिटून बोट फिरवायची आणि "पास" म्हणून ओरडायची.

सुट्टी संपली तेव्हा चौकट आणि घरं झाली होती. निघताना अवनी म्हणाली, "उरलेलं तुम्ही लावा. पण शेवटचा तुकडा मी लावणार. गौरीला येणार आहे मी. आणि चीटिंग नाही हं, आजोबा."

"कुणाला म्हंतीस? केरबा फिटर हाय मी."

त्यांनी प्लायवुडचा तुकडा मापात कापला, चारी बाजूंना पट्टी मारली आणि त्या ताटात तळं ठेवून दिलं. रोज नाष्टा झाला की चष्मा पुसायचा, ताट दिवाणावर घ्यायचं आणि दोन तास बसायचं. गवंडी भिंत वाकडी बांधू दे नाहीतर तिरकी. चहा गार व्हायचा. खांदे, जे छत्तीस वर्षं कानाला चिकटून होते, ते हळूहळू खाली आले. डॉक्टरांनी पट्टा बांधून आकडा बघितला आणि पुन्हा बांधून बघितला.

तानाबाईंना आधी याचं काही कौतुक नव्हतं. पण ज्या तुकड्याला केरबा अर्धा तास शोधायचे, तो त्या हातात उलथनं घेऊन जाता जाता दाखवायच्या. "त्यो बगा की. तुमच्या गुडघ्यापाशी." केरबांना राग यायचा. मग ते तानाबाई स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबायचे आणि मगच तो तुकडा उचलायचे.

अडचण आली पाण्यात. घरं, डोंगर ठीक. पण तळ्याचं पाणी म्हणजे दीडशे तुकडे आणि सगळे निळे. जूनमध्ये एक तुकडा असा मिळाला की रंग जुळतोय, खाचा जुळतायत, आणि एक कान तेवढा किंचित मोठा. केरबांनी व्हर्निअर काढला. माप घेतलं. मान हलवली.

"कंपनीची तुकडं कापायची डाय झिजलीया," ते म्हणाले. "लॉट संपत आल्यावरचा माल आसनार."

कुणीही दुसऱ्यानं तो तुकडा बाजूला ठेवून दुसरा शोधला असता. केरबांनी पेटीतनं अर्धगोल कानस काढली, तीन हात मारले, फुंकर घातली आणि तुकडा लोण्यासारखा आत बसवला. वरनं बोट फिरवलं. पास. जेवताना तानाबाईंना सांगितलंसुद्धा, "आज कंपनीची चूक दुरुस्त केली बग."

गौरी चार दिवसांवर आल्या. तानाबाई गौरीच्या नैवेद्याला शेपू कुणाकडनं घ्यायचा या चिंतेत होत्या, आणि केरबांच्या ताटात एक भोक आणि एक तुकडा उरला. हा अवनीचा तुकडा. तानाबाईंनी त्याच्यासाठी कुंकवाची नवी डबी काढून दिली. डबीत ठेवण्याआधी केरबांनी सहज तुकडा भोकाशेजारी धरला. भोकाची एक खाच मोठी होती. तुकड्याचा कान तिच्यापेक्षा बारका होता.

केरबांनी तुकडा फिरवला. उलटा धरला. चष्मा पुसला.

"कंपनीनं चुकीचा तुकडा घातला," ते म्हणाले, आणि ब्लडप्रेशरची आठवण यावी असा त्यांचा आवाज चढला. "पोरीला काय सांगू आता? पत्रच टाकतो त्यास्नी. माल भरताना डोळं झाकून भरत्यात व्हय?"

तानाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जूनमधी एक घासला हुता तुमी. कंपनीची चूक दुरुस्त केली म्हनत हुता. त्यो कुटं हाय?"

केरबा ताटावर वाकले. मग डोळे मिटून त्यांनी तळ्यावरनं बोट फिरवायला सुरुवात केली. पाण्याच्या मधोमध एका ठिकाणी पुठ्ठ्याची कड खरखरीत लागली. त्यांनी नखानं तो तुकडा काढला. त्या जागी अवनीचा तुकडा ठेवला. तो टक्कन आत बसला. कानस नाही, जोर नाही.

कंपनीची डाय चांगली होती.

घासलेला तुकडा त्याच्या खऱ्या जागी ठेवून बघितला. बसला, पण घासलेल्या कानापाशी जोंधळ्याच्या दाण्याएवढी फट राहिली आणि तिच्यातनं खालचं तांबडं प्लायवुड दिसायला लागलं. निळ्या तळ्यात मधोमध. वर तुकडा खुळखुळत होता. केरबांनी आयुष्यात खूप घासलं होतं. घासलेलं परत भरून आलेलं कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी जोतीराम आला. जोतीराम त्याच कारखान्यात मोल्डर होता, आणि फाउंड्रीतनं आलेल्या ओतीव मालात कुठं भोक राहिलं तर त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वरनं रंग मारून माल पुढं ढकलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि अंगठा फिरवून ती लांबी शोधण्यात केरबांचा. एकदा केरबांनी त्याच्या अख्ख्या लॉटवर तांबड्या खडूनं फुल्या मारल्या होत्या. त्यावरनं सहा महिने बोलणं बंद होतं. आता जोतीरामनं फट बघितली आणि त्याचा चेहरा गणपतीतल्या आराशीसारखा उजळला.

"केरबा, मर्दा, तुझ्या जॉबला भोक?"

"हसू नगंस. चार दिवसांत पोरगी येनार हाय."

"मग लांबी भर की. माझ्याकडं डबा हाय अजून. निळा रंग तुझ्या गेटचा उरला आसंलच."

"लांबी? आनि मी?"

"व्हय, तूच. तिला काय अंगठा हाय व्हय तुझ्यासारखा?"

केरबांनी डबा नको म्हणून सांगितलं. जोतीराम तो ठेवून गेला. दोन दिवस डबा खिडकीत बसून राहिला. केरबा अवनीचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचे: ती हसत येते, तळ्यावर वाकते आणि मधोमध ती फट. आजोबांनी चीटिंग केलं. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला, आणि एकदा उघडल्यावर मग हयगय केली नाही. टाचणीच्या टोकानं लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, गेटचा निळा रंग पांढरा मिसळून पाण्याला लावला. काम इतकं झकास झालं की त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. लाल होडीचा एक तुकडा काढून त्यांनी डबीत ठेवला आणि तो शेवटचा झाला.

गौरी आल्या त्या दिवशी अवनीही आली. चप्पल एका पायात असतानाच दिवाणाकडं धावली. प्रियदर्शनीनं मोबाईल काढला, जोतीराम पावण्यासारखा करंजी खात खुर्चीत बसला होता, तानाबाईंनी डबी पुढं केली. अवनीनं होडीचा तुकडा दाबला. टक्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरबांनीही वाजवल्या, पण त्यांची नजर होडीवर नव्हती.

"थांबा," अवनी म्हणाली. "पास करायचं राहिलं."

तिनं डोळे मिटले. बोट डोंगरावरनं उतरलं, कौलांवरनं गेलं, पाण्यात आलं. बोट मधोमध थांबलं. मागं गेलं, पुन्हा आलं.

"आजोबा, इथे काहीतरी लागतंय."

जोतीरामनं करंजी ताटलीत ठेवली. "कंपनीचा फॉल्ट आसंल गं बाळ," तो म्हणाला. "आजकाल माल असाच येतोय."

बोलणं किती सोपं होतं. केरबांनी फक्त मान हलवायची होती. त्यांनी पोरीच्या बोटाकडं बघितलं. मिटल्या डोळ्यांनी, मान जराशी कलती करून, ती अगदी त्यांच्यासारखीच उभी होती.

"कंपनीचा न्हाय," ते म्हणाले. "मी घासला. बसत नव्हता म्हनून. आनि मग त्यात लांबी भरली."

अवनीनं डोळे उघडले. ती रागावली नाही. तिला कोडंच पडलं. "पण आजोबा, बसत नसेल तर तो तुकडा तिथला नसतो."

छत्तीस वर्षांत ही शंका कुणी केरबांपुढं काढली नव्हती. वर्कशॉपात जागा ड्रॉइंगवर ठरलेली असायची. चुकायचं ते माप. जागा चुकली असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते उठले. आतनं पेटीतला तांबडा खडू घेऊन आले आणि ताटाच्या पट्टीवर ठसठशीत फुली मारली.

"म्हणजे काय?" अवनीनं विचारलं.

"रिजेक्ट. मोडायचं आनि पयल्यापास्नं."

"आप्पा, चार महिने लावताय की," प्रियदर्शनी म्हणाली. "एवढ्याशासाठी?"

पण अवनीचे डोळे चमकले होते. "परत सगळं? आपण दोघांनी?"

तिला शेवटचा तुकडा हवा होता असं केरबा चार महिने धरून चालले होते. तिला तर सगळेच हवे होते.

पुढचे तीन दिवस मगदुमांच्या घरी गौरींना नैवेद्य वेळेवर मिळाला, माणसांना मिळाला नाही. शेपूची भाजी-भाकरी हातात घेऊनच सगळे दिवाणाभोवती बसायचे. तानाबाई उलथनं सोडून मांडी घालून बसल्या आणि पाण्याचे दीडशे तुकडे त्यांनी एकटीनं ओळखून काढले. कसं, म्हणून विचारल्यावर म्हणाल्या, "तांदूळ निवडायला शिका आधी." जोतीराम कोपऱ्यात बसून त्या एका तुकड्यावरची लांबी नखानं खरवडत होता. "माझाच माल हाय," तो पुटपुटला. "काढताना तरी नीट निघू दे."

शेवटी तोच तुकडा उरवला. अवनीनं तो त्याच्या खऱ्या जागी ठेवला. खुळखुळला. फटीतनं तांबडं प्लायवुड दिसलं. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं.

"लागतंय, आजोबा."

"लागू दे. त्यो माझा हाय."

जाताना तिनं आजीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. पुढच्या महिन्यात पुण्याहून एक हजार तुकड्यांचं खोकं आलं, आणि पेटीतली अर्धगोल कानस दिसेनाशी झाली. केरबांनी दोन दिवस दम धरला. नवं चित्र जंगलाचं होतं. एक हजार तुकडे, सगळे हिरवे. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"कानस कुटं ठिवलीस? विळीला धार लावायची हाय."

तानाबाईंनी जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात हात घातला, पण वर काढला नाही.

"मग विळी घेऊन हितंच बसा," त्या म्हणाल्या. "माझ्याम्होरं लावा."

केरबांनी पिठाच्या डब्याकडं बघितलं. मग मुठीत धरलेला हिरवा तुकडा त्यांनी हळूच खिशात टाकला आणि विळी शोधायला लागले.