तळ्यापलीकडची घंटा

माझ्या आत्याला घरच्या लग्नकार्यांना कधी रजा मिळाली नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती नळांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसायची, आणि साहेब म्हणे ऐकायचेच नाहीत. उन्हाळ्यात गाईडच्या मुलींचा कॅम्प लागला, की तेच साहेब मऊ व्हायचे. "वन्सं, तुझे साहेब उन्हानं वितळतात वाटतं," असं आई एकदा तोंडावर म्हणाली होती.

कॅम्प सुरू केला शाळेच्या कवायतीच्या बाईंनी. मुली तळ्यात उतरणार म्हटल्यावर पालकांनी नाकं मुरडली होती. त्याच वर्षी शाळेत विजेची घंटा आली आणि जुनी पितळी घंटा अडगळीत गेली. बाईंनी ती मागून आणली आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर झाडाला टांगली. तेव्हापासूनचा रिवाज असा, की शेवटच्या दिवशी मुलींनी जोडीनं तळं पार करायचं आणि प्रत्येकीनं एक टोल द्यायचा. एकटीनं उतरायचं नाही. एक मागे फिरली तर दुसरीनंही फिरायचं. दोरीची गाठ चुकली तर भांडी घासायची, स्कार्फ विसरला तर शेकोटीपुढे गाणं म्हणायचं, असल्या नियमांना पळवाटा होत्या. जोडीच्या नियमाला नव्हती.

आत्याची जोडीदार होती माझी आई. ऐन मध्यावर आईच्या पोटरीत गोळा आला आणि आत्या तिला धरून परत घेऊन आली. वयाच्या हिशेबानं दोघींचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात आत्या मदतनीस झाली, गळ्यात शिट्टी आली, बसायला होडी आली आणि ती सगळ्यांची शिट्टीताई झाली. जिला बुडू दिलं नाही तिला तिनं पुढे आपल्या भावाच्या गळ्यात बांधलं, म्हणून तर मी आहे!

तिनं किती मुलींना पोहायला शिकवलं याला गणती नाही. प्रत्येक टोलाला होडीत उभी राहून टाळ्या पिटायची, होडी डुलायची आणि वल्ही मारणारी मी ओरडायची. स्वतःच्या टोलाचं विचारलं की म्हणायची, "तळं कुठं पळून जातंय?" मला भयंकर राग यायचा. दुसऱ्यांच्या टोलांवर माणसानं जन्मभर का खूश राहायचं?

परवाच्या कॅम्पला शेवटच्या दिवशी एक मुलगी काठावर हुंदके देत बसली. तिच्या अखंड बडबडीमुळे सगळे तिला रेडिओ म्हणत. तिची जोडीदार तापानं तंबूत पडलेली, बाकी जोड्या जाऊन आलेल्या, आणि पुढच्या वर्षी हिचं वय बसणार नव्हतं.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"आत्या, साठी आली तुझी!"

"म्हणून तर घाई आहे. तू होडी घेऊन बाजूनं चल."

कॅम्पचं कोठार सांभाळणारी आई धावत काठावर आली, पण तोवर दोघी पाण्यात होत्या.

मध्यापर्यंत आत्या झोकात पोहली. मग तिचा दम तुटायला लागला, हात जड झाले. मी होडी जवळ घेतली. तिनं कड धरली असती तर रेडिओलाही मागे फिरावं लागलं असतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. आत्याचा हात कडेपर्यंत आला आणि थांबला.

रेडिओ पहिल्यांदाच गप्प झाली होती. मग ती एकदम खेकसली, "ताई, उताण्या व्हा! दमलं की आभाळ बघायचं, तुम्हीच सांगता ना?"

आत्या निमूटपणे उताणी झाली. रेडिओ शेजारी तरंगत बडबडत राहिली: तंबूत शिरलेला बेडूक, करपलेला भात, आत्याचं घोरणं. आत्याला हसू आलं, हसता हसता श्वास जागेवर आला, आणि ती पालथी होऊन पुन्हा हात मारायला लागली. मी वल्ही मारत होते आणि रडत होते, उगाच कशाला लपवू?

रेडिओनं टोल दिला. मग आत्यानं, दोन्ही हातांनी. घंटा अशी घणघणली की अलीकडच्या काठावर सगळ्या मुली नाचायला लागल्या. जरा थांबून आत्यानं दोरी पुन्हा धरली आणि पाण्यावरून आरोळी ठोकली, "वहिनी, आता तुझा देते!"

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. डोळे गळत होते, आवाज मात्र खणखणीत.

"खबरदार! फुकटचा टोल नको मला," ती ओरडली. "होडीत बसून मुकाट्यानं परत ये, थोडी विश्रांती घे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर उतरायचंय तुला!"

आत्यानं दोरी सोडली.