मामाजींच्या पँटी आणि प्रभूचं दुसरं आगमन

प्रभू येशूचं दुसरं आगमन माझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी, मे महिन्यात, अकोल्यात, दुपारची जेवणं झाल्यावर झालं. बायबलात याचा उल्लेख नाही.

मी अमरावतीचा. आमचं घराणं पिढीजात ख्रिस्ती, पण थंड वळणाचं. म्हणजे नाताळला केक, ईस्टरला मटण, आणि मधल्या रविवारी जाग आली तर चर्च. रूथ अकोल्याची. एका नातेवाइकाच्या लग्नात ती भेटली आणि करीन तर हिच्याशीच, असं मी ठरवून टाकलं. ती तयार होती. अडचण तिच्या वडिलांची होती.

मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, मी जरा आधीच सुरुवात केली होती) निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर ते एका नव्या, कडक ख्रिस्ती मंडळीत सामील झाले आणि जगाचा शेवट हा त्यांचा विषय झाला. प्रभू कधीही येईल, खरे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील, त्यांचे कपडे तेवढे जागेवर पडलेले राहतील, आणि ढोंगी लोक खाली हाल भोगत बसतील. हे त्यांनी अख्ख्या गल्लीला इतक्यांदा सांगितलं होतं, की शेजारपाजारच्या हिंदू बायांनाही ते पाठ होतं. रूथला आलेली चांगली चांगली स्थळं त्यांनी 'पोरगा तयार नाही' म्हणून परत पाठवली होती. नोकरी, घर, पगार काही नाही, फक्त वर जायची तयारी.

मी मुक्कामाला गेलो तेव्हा पहिल्या रात्री त्यांनी माझी तासभर परीक्षा घेतली.

"पाहुने, मांगं राह्यलेल्याईचं काय होईन, मालूम हाये का?"

"हाल होतील, मामाजी."

"त्याईले एकच वाट उरते. धनदौलतीचा मोह सोडाचा. सारं वाटून टाकाचं. मंग प्रभूले दया आली तं आली."

मी गंभीर चेहरा करून मान डोलावली. मनात म्हटलं, पोरगी द्या, मग तुमचा प्रभू सावकाश येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी कूलरच्या खोलीत आडवा झालो. अकोल्याची मे महिन्यातली दुपार म्हणजे नरकाची तालीमच. जाग आली तेव्हा घर चिडीचूप. बाहेरच्या खोलीत आलो आणि थबकलो. खाटेवर मामाजींचा शर्ट, खाली पँट, शर्टावर चष्मा, घड्याळ, मोबाईल. शेजारच्या वाटीत कवळी. चटईवर सासूबाईंचं लुगडं, त्यावर बांगड्या. खुर्चीवर रूथचा पिवळा ड्रेस आणि ओढणी. माणसं नाहीत.

मी आधी हसलो. मग कवळीकडे पुन्हा पाहिलं. कवळी काढून ठेवून माणूस उन्हात कुठे जाईल? जिथे दातांची गरजच नाही, तिथे. मी मोबाईल काढला. रूथला फोन लावला, तो पिवळ्या ड्रेसखाली वाजला. आईला अमरावतीला लावला, तिने उचलला नाही. आई जाणार हे मला ठाऊकच होतं. शेवटी चुलतभाऊ विल्सनला लावला. विल्सन सकाळी दात घासायच्या आधी पितो. तो तर नक्कीच खाली असणार.

विल्सननेही उचलला नाही!

तेव्हा मात्र माझी खात्री पटली. रूथ गेली होती. मला तिच्याशी संसार करायचा होता, आणि माझ्या हातात तिची ओढणी उरली होती. मी खरंच रडलो. रडता रडता मामाजींचा उपाय आठवला, सारं वाटून टाकायचं. आता माझं स्वतःचं असं तिथे एका पिशवीपलीकडे काहीच नव्हतं. म्हणून मी मामाजींचं वाटायला घेतलं.

शेजारच्या शांताकाकू अंगणात कुरड्यांवर फडकं पसरत होत्या. मी स्वयंपाकघरातलं मटणाचं अख्खं पातेलं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"काकू, हे ठेवा. ह्या घरचे लोक आता येत नाहीत."

"काहून? कुठी गेले?"

"प्रभूकडे."

काकूंनी दारातून डोकावून कपडे पाहिले आणि पदर तोंडावर धरला. "बाप्पा, म्हंजे मास्तर खरंच सांगत होते." त्यांनी पुन्हा एकदा आत डोकावलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मंग कूलर कोनाले देऊन राह्यले?"

कूलर काकूंना गेला. बातमी गल्लीत पसरली आणि लोक आले. मामाजींवर सगळ्यांचाच जीव होता, त्यामुळे कोणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. मी कपाट उघडून पँटी, शर्ट, चादरी, टॉवेल, सासूबाईंची लुगडी वाटत सुटलो. जो तो डोळे पुसत होता आणि माप लावून पाहत होता. कवळी तेवढी कोणी नेली नाही.

एवढ्यात गल्लीच्या टोकाला, उन्हाच्या झळांमधून, पांढरे झगे घातलेली माणसं येताना दिसली. पुढे एक दाढीवाले, मागे मामाजी, सासूबाई, रूथ. प्रभू आपल्या संतांसह परत येणार, हेही मामाजींनी शिकवलं होतं. मी रस्त्यातच गुडघे टेकले आणि हात जोडले.

"प्रभू, मलाही घ्या."

दाढीवाले गोंधळून मागे सरकले. ते मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री होते. मामाजींच्या झग्यातून पाणी निथळत होतं.

"पाहुने, उठा," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "टॉवेल आना."

टॉवेल पलीकडच्या गल्लीत गेले होते.

मग उलगडा झाला. मंडळीच्या रिवाजाप्रमाणे तिघांचा पाण्यात बुडवून नव्याने बाप्तिस्मा व्हायचा होता, रविवारी, लिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात. पण बागवाला त्याच दुपारी फोन करून म्हणाला, आज संध्याकाळी तळ्यातलं पानी झाडाईले सोडतो. म्हणून सगळे घाईने उरकायला निघाले. बागेत कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून झगे घरूनच घातले. चष्मा, घड्याळ, मोबाईल, बांगड्या, कवळी तळ्यात पडू नये म्हणून सगळं घरी ठेवलं. आणि झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही, म्हणून मला उठवलं नाही. आई आणि विल्सनही आपापल्या घरी झोपलेच होते.

पुढचा तासभर मामाजी ओल्या झग्यात दारोदार स्वतःच्या पँटी मागत फिरले. पानठेल्यावर त्यांचा निळा शर्ट घालून एकजण पान लावत होता. शांताकाकूंनी कूलर परत दिला, मटण दिलं नाही. संपलं होतं.

मी पिशवी भरायला घेतली. लग्न मोडलं, हे सांगायला कोणी यायची गरज नव्हती. तेवढ्यात मामाजी आले. कवळी बसवलेली, अंगात परत मिळालेली एकुलती एक पँट. माझ्या खांद्यावर हात ठेवून पाळकसाहेबांना म्हणाले,

"साहेब, आपन रोज सांगतो, प्रभू येऊन राह्यला. पन ह्या पोरानं ते खरं मानलं. माया घरचं भांडं ठेवलं नाही यानं. एवढा विश्वास आपल्या मंडळीत कोनाचा हाये? जवाईबापू, पिशवी ठेवा खाली."

मी पिशवी खाली ठेवली. विश्वासाबद्दल कोणी माझं कौतुक करावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि अशा वेळी उगाच खरं बोलून लोकांना दुखवू नये.

संध्याकाळी रूथ फाटकाशी भेटली, तिला मी फोनांची सगळी हकीकत सांगितली. तिच्या अंगावर शेजारणीचा गाऊन होता, पिवळा ड्रेस अजून सापडायचा होता.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "मी गेली, आईबाबा गेले, तुमचा तो विल्सनबी गेला, न तुमी येकटेच राह्यले. तुमाले येकदाबी नाही वाटलं का, का देवाचंच काई चुकलं असंन म्हनून?"

मी आठवून पाहिलं. हजार शंका आल्या होत्या, ही एक सोडून.

"नाही बॉ," मी म्हणालो.

रूथने शांतपणे मान डोलावली.

"मलेबी नसतं वाटलं."