वचनमावशी गप्प बसतात

माझ्या सासूबाईंना आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे वचनमावशी म्हणायचे. कुणाचा पाय मुरगळो की कुणाचं घर जळो, त्यांच्याकडे शास्त्रातलं वचन तयार. घराखालच्या इस्त्रीच्या दुकानात त्या दिवसभर कपडे सरळ करायच्या आणि संध्याकाळी माणसं. पाळकसाहेब गमतीनं म्हणायचे, मी आजारी पडलो तर मावशींना कळवू नका.

मग त्यांचा मुलगा गेला. माझा नवरा. कारखान्यात उभ्याउभ्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. दफनाहून परतल्यावर बायकांची रीघ लागली. एकीनं सासूबाईंचा हात धरून सांगितलं की रडू नका, देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाक्य त्यांचंच होतं. वर्षानुवर्षं घरोघरी त्यांनीच ते वाटलं होतं. मला तर त्या बाईला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून सासूबाईंचा पाय घरात ठरेना. बसल्या की उठायच्या, खिडकी उघडायच्या, पुन्हा लावायच्या. दुकानात एकच शर्ट तीनतीनदा इस्त्री करायच्या. एका गिऱ्हाइकाची तर कॉलरच जाळली. प्रार्थनेला हात जोडायच्या आणि लगेच सोडायच्या. मला चीड यायची. दुःख माझंही होतं, पण या बाई मला ते धड करू देत नव्हत्या. शेवटी विचारलंच, आई, तुम्हाला नक्की काय टोचतंय?

"समोरची," त्या म्हणाल्या. "तिलाही मी फूलच सांगितलं होतं."

समोरची म्हणजे जिन्यापलीकडे राहणारी शिवणकामवाली. माझ्या लग्नाच्याही आधी तिचं तान्हं बाळ गेलं होतं. तेव्हापासून ती चर्चची पायरी चढली नव्हती. सासूबाई तिला विश्वासात कच्ची म्हणायच्या. आता म्हणत होत्या की तिचं दार वाजवल्याशिवाय देवासमोर तोंड उघडवत नाही. रोज जिन्यापर्यंत जायच्या आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत यायच्या.

एका दुपारी मीच त्यांना हाताला धरून नेलं. दार उघडलं तेव्हा शिवणकामवालीच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, "मावशी, तुमचं कळलं. फार वाईट वाटलं. पण वचन नको."

"आज एकही आणलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

तिनं आत घेतलं आणि पुन्हा मशीनवर बसली. सासूबाईंचे हात स्वस्थ राहीनात. मांडीवर चिंध्या घेऊन त्यांच्याच घड्या घालत बसल्या. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव ठेवलं होतंस का गं?"

मशीन थांबलं.

"कुणी विचारलंच नाही कधी," ती म्हणाली, आणि तिनं नाव सांगितलं. सासूबाईंनी ते हळूच म्हणून पाहिलं, पुन्हा एकदा म्हटलं, आणि त्यांना रडू कोसळलं. माफीबिफी राहूनच गेली. तीही रडली. मी दाराशी उभी होते. नवरा गेल्यापासून मलाही पहिल्यांदाच पोटभर रडता आलं.

परत येताना जिन्यात त्या थांबल्या. "मित्राच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला होता," त्या म्हणाल्या. "जन्मभर वाचलं गं मी ते. पण घाईघाईनं पुढच्या चमत्काराकडे, तो मित्र जिवंत होतो तिकडे, जायचे."

लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. शिवणकामवाली चर्चला अजून येत नाही. सासूबाईंची येरझार चालूच असते, एखादी कॉलर अजूनही जळते. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी हात जोडले आणि सोडले नाहीत. प्रार्थनेत दोनच नावं होती, माझ्या नवऱ्याचं आणि त्या बाळाचं. पुढे त्यांना काही सुचेना. आमेन मी म्हटलं.