आर्टिफॅक्ट

"पाय धुऊन ये. मशीन नवीन आहे."

मॅडमनी हे माइकवर सांगितलं नाही, एवढे उपकार. पण हॉल शांत होता आणि मॅडमचा आवाज शिकवण्यातला. शेवटच्या रांगेतल्या मुलीही वळून माझ्या पायांकडे बघायला लागल्या.

बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या पुढे, आमचं नर्सिंग कॉलेज आहे. त्या दिवशी तिथे ईसीजीच्या मशीनचं उद्घाटन होतं. मशीनला हार घातला होता. कुंकवाचं एक बोट स्क्रीनच्या कडेला लागलं होतं आणि ते पुसायची हिंमत कुणाला होत नव्हती, कारण ते चेअरमनसाहेबांनी लावलं होतं. नारळ फुटला. शाली झाल्या. चेअरमनसाहेब हृदय या विषयावर वीस मिनिटं बोलले. हृदय मोठं असावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मोठं झालेलं हृदय हा आजार असतो हे आम्हाला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं, पण टाळ्या वाजवायच्या होत्या, वाजवल्या.

मग मशीन चालवून दाखवायचं होतं.

"पहिली पेशंट कोण होणार?" मॅडमनी विचारलं. कुणी हललं नाही. सगळ्यांसमोर पलंगावर आडवं कोण होणार?

"स्कॉलरशिपवाल्यांपैकी या कुणीतरी."

आमच्याकडे जातीचं नाव कुणी घेत नाही. शिकलेली माणसं आहेत. स्कॉलरशिपवाल्या म्हणतात. चाळीस जणींत आम्ही चौघी. मॅडमचं बोट माझ्यावर थांबलं.

मी बूट काढले, मोजे काढले. माझे तळवे निळे आहेत. नखांच्या कडाही. उल्हासनगरात चार नंबर कॅम्पला आमची एक खोली आहे. त्यात आई जीन्सचे धागे कापते. शिवून आलेल्या पँटींचे गठ्ठे जमिनीवर असतात, आम्ही त्यांच्यावर बसतो, त्यांच्यावर चालतो, त्यांच्याशेजारी झोपतो. कच्चा रंग अंगात मुरतो. साबणाने जात नाही. नखं निळी दिसली की आधी पेशंटचा श्वास बघायचा, हे पहिल्या वर्षी आम्हाला याच मॅडमनी शिकवलं होतं. माझी निळी नखं बघून त्यांना साबण आठवला.

मी व्हरांड्यातल्या बेसिनपाशी एकेक पाय वर घेऊन धुतले. ओल्या पावलांनी हॉलभर चालत परत आले. रंग होता तसाच होता. मॅडमनी नाक किंचित वर केलं. हाताला आणि पायांना चार चिमटे लावले, लाल, पिवळा, हिरवा, काळा. एक लांब पट्टी काढली. मग चिमटे काढून स्पिरिटने पुसले. एकदा नाही. तीनदा. मी मोजलं.

पट्टी हातात धरून मॅडम थांबल्या.

"काय म्हणतंय हृदय?" चेअरमनसाहेबांनी विनोदाच्या सुरात विचारलं.

"सर, पेशंट थरथरत होती. आर्टिफॅक्ट आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कागदावर आलेली घाण, सर. हृदयाची नसते. बाहेरून येते."

हॉल हसला. चेअरमनसाहेबांनी ती पट्टी हातात घेतली आणि फोटो काढून घेतला. पट्टी उलटी धरली होती. तो फोटो पुढे गेटवरच्या फ्लेक्सवर लागला.

मी थरथरत नव्हते. मला माझं माहीत आहे. अपमान झाला की मी थरथरत नाही, थिजते. पण पलंगावर आडव्या पडलेल्या मुलीला कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या पट्टीच्या चाळीस झेरॉक्स काढून आणल्या. आर्टिफॅक्टचं इतकं छान उदाहरण पुन्हा मिळणार नाही म्हणाल्या. प्रत्येकीने जर्नलमध्ये चिकटवायची. खाली लिहायचं: आर्टिफॅक्ट. कारण: रुग्णाची हालचाल व त्वचेची अस्वच्छता. मॅडमनी चाळीसही जर्नलांवर सही केली, 'तपासले' असा शिक्का मारला.

मीही चिकटवली. माझ्याच हाताने, डिंक लावून, सरळ. खाली कारण लिहिलं. माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं आहे.

त्यानंतर माझं नाव पडलं. "ए आर्टिफॅक्ट, सरक ना, पंख्याखाली बसू दे." "आर्टिफॅक्टला विचार, तिच्या डब्यात काय आहे." त्या वाईट मुली नव्हत्या. मजा करत होत्या. मजा नेहमी कुणीतरी आडवं पडल्यावरच सुरू होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तसं आधीही काय काय होत होतं. पहिल्या वर्षी एकमेकींची नाडी मोजायची होती. माझ्या जोडीदारणीने मोजली, चव्वेचाळीस. मॅडम म्हणाल्या, "मोजता येत नाही तुला. बहात्तर लिही." तिने बहात्तर लिहिलं. आमच्या वर्गात सगळ्यांचंच बहात्तर होतं. सकाळच्या प्रार्थनेला मी दोनदा पडले. डोळ्यांपुढे कडेकडेने काळं येत जातं, मध्ये एक भोक उरतं, मग तेही बुजतं. उठले तेव्हा मॅडम वर उभ्या होत्या. "उपाशी यायचं आणि नाटकं करायची." मी पोहे खाऊन आले होते. सांगितलं नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी दम लागून थांबायचे, तेव्हा बुटाची नाडी बांधल्याचं नाटक मात्र खरंच करायचे.

मग आमची वॉर्डची ड्यूटी लागली, अंबरनाथ पश्चिमेच्या एका खाजगी हॉस्पिटलात. आयसीयूच्या इनचार्ज होत्या लिसी सिस्टर. केरळच्या. पंचवीस वर्षं इकडे काढलेली, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी बाई. कॉलेजमध्ये आम्हाला शिकवलं होतं की नर्सने ईसीजी काढायचा, वाचायचा डॉक्टरांनी. वाचायला मनाई ही गोष्ट आमच्या लोकांना नवीन नाही, त्यामुळे मी गप्प बसले होते. लिसी सिस्टरना हे सांगितलं तर त्या हसल्या.

"डॉक्टर येईपर्यंत पेशंट थांबते काय? पढो."

त्यांनी औषधाच्या खोक्याची पांढरी पट्टी फाडली. ईसीजीत एक लहान टेकडी असते, मग एक उंच सुळका. टेकडी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी दिलेला आदेश. सुळका म्हणजे खालच्या कप्प्यांनी केलेलं काम. सिस्टरनी कागदाची कड टेकड्यांखाली धरली, दोन टेकड्यांवर पेनने दोन खुणा केल्या आणि कड पुढे पुढे सरकवली. प्रत्येक टेकडी खुणेवर आली. "चालते बघ. एक, दो, एक, दो. जे चालते ते दिलाचं. हाथ हिला, वायर हिली, वो ऐसा नहीं चलता. टाइम नाही पाळत."

मी ऐकत होते आणि मला जर्नलमधली माझी पट्टी आठवत होती.

दुपारी सिस्टर जेवायला बसल्या तेव्हा मी पिशवीतून जर्नल काढलं. आर्टिफॅक्टचं पान उघडलं. माझी पट्टी. खोक्याच्या कागदाची कड लावली. मॅडम ज्याला घाण म्हणाल्या होत्या, त्या लहान लहान टेकड्या. दोन खुणा केल्या. सरकवलं.

चालत होत्या.

एकही चुकत नव्हती. काही टेकड्या सुळक्यांच्या पोटात लपल्या होत्या, पण खूण जिथे म्हणत होती तिथेच होत्या. मग मी सुळके मोजले. तेही चालत होते, पण आपल्या वेगळ्या, फार संथ चालीने. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी तीनदा मोजलं. मग पान उघडंच धरून सिस्टरकडे गेले.

"सिस्टर, हे बघता का?"

त्यांनी घास हातात ठेवूनच बघितलं. मग घास डब्यात परत ठेवला.

"किसका है?"

"जर्नलमधलं आहे. आर्टिफॅक्ट म्हणून दिलंय."

"किसने बोला आर्टिफॅक्ट? कम्प्लीट ब्लॉक है ये. पेशंट किधर आहे? जिंदा है ना?"

"समोर उभी आहे, सिस्टर."

त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. घड्याळाकडे बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. मी तोवर कुणालाही माझ्यासाठी पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला पलंगावर झोपवलं आणि छातीलाही तारा लावून बाराही लीडचा पूर्ण ईसीजी काढला. तेच.

सिस्टरनी मला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जन्मापासून असणार. वरून निघालेला आदेश खाली पोहोचतच नाही. खालचे कप्पे कुणाची वाट न बघता आपल्या ताकदीवर, हळू का होईना, काम चालू ठेवतात. त्यांच्यामुळे तू जिवंत आहेस. मी मनात म्हटलं, हे हृदय तर आमच्या वस्तीसारखं आहे. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "ते कधीतरी दमतात. चक्कर येते ती त्यांच्या दमण्यामुळे. पेसमेकर लागेल. उशीर नको." भरती व्हायची तारीख दिली. तोवर वॉर्डची ड्यूटी बंद, जिने कमी, वर्गात बसायला हरकत नाही. पेसमेकर बसला की ड्यूटीही करता येईल. मी हे सगळं त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं.

कॉलेजमध्ये मी मॅडमना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला.

"मॅडम, जर्नलमध्ये आर्टिफॅक्ट खोडून कम्प्लीट हार्ट ब्लॉक लिहू का?"

"का?"

"तेच आहे ते."

"चाळीस जर्नलांवर माझी सही आहे."

"म्हणूनच विचारतेय. चाळीस जणी हे घाण म्हणून शिकल्यात. उद्या वॉर्डमध्ये कुणाचा असा ईसीजी आला तर पेशंटला पाय धुवायला पाठवतील."

मॅडमनी आधी दाराकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. माझ्या हृदयाची नव्हती ती. वर्गात हे पसरलं तेव्हा एकीने मला हळूच विचारलं, "आमचे मार्क जातील का गं?"

तिसऱ्या दिवशी प्राचार्य सरांनी आईला बोलावून घेतलं. आई धागे कापायची कात्री कमरेला तशीच खोचून आली होती. तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. सरबत विचारलं. कॉलेजने आम्हाला सरबत विचारलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर होणार आहे.

"अहो ताई, मुलगी जगली पाहिजे," सर म्हणाले. "नर्सिंग म्हणजे धावपळ. ड्यूटीवर पडली तर जबाबदारी कुणाची? आम्ही काय हिचे शत्रू आहोत?"

अर्ज टाइप करून तयार होता. मी माझ्या वैद्यकीय कारणास्तव, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना प्रवेश रद्द करीत आहे. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

मी वाचला. परत वाचला.

"सर, यात आजाराचं नाव नाही."

"त्याची गरज नसते."

"नाव लिहिलं तर जर्नल खोटं पडतं, म्हणून?"

"बघा सर," मॅडम म्हणाल्या. "ही जीभ."

"पेसमेकर बसवल्यावर मी काम करू शकेन, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्या कागदाची झेरॉक्स मी ऑफिसात दिलीय, तुमच्या फायलीत आहे. वाचला का कुणी?"

बोलली ती आई. त्यांच्याशी नाही, माझ्याशी.

"सही कर, बाई. जीव ऱ्हायला तर बाकीचं. मी हात जोडते तुला."

आणि तिने खरंच हात जोडले. निळे हात. माझ्यासमोर. पाय धुवायला पाठवलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं ते लागलं. कारण हात जोडायला तिला ज्यांनी शिकवलं होतं ते तिघे समोर बसले होते, सर, मॅडम आणि भिंतीवरचे हार घातलेले संस्थापक.

मी पेनाला टोपण लावलं. पिशवीतून माझा अर्ज काढला. त्यात दोन मागण्या होत्या. चाळीसही जर्नलांतली नोंद लेखी दुरुस्त करावी. आणि मला काढायचं असेल तर कॉलेजने स्वतःच्या सहीने, कारणासकट काढावं, माझ्या सहीने नाही.

"मिळाल्याचा आवक शिक्का मारून द्या," मी दाराजवळच्या क्लार्कला म्हटलं.

क्लार्कने सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, नाही. मी टेबलापाशी उभी राहिले. कडेकडेने काळं येऊ लागलं. मी टेबलाची कड धरली आणि मोजत राहिले, एक, दो, एक, दो, जसं लिसी सिस्टरनी शिकवलं होतं तसं. पडले नाही. शिक्का मिळाला नाही. तिथून पोस्टात गेले आणि तोच अर्ज रजिस्टर्ड टपालाने, पोचपावतीसकट, त्याच कॉलेजच्या पत्त्यावर पाठवला. एक प्रत नर्सिंग कौन्सिलला.

आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि गठ्ठ्यांकडे तोंड करून बसते. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिने जन्मभर ज्यांचं ऐकून मुलं जगवली, त्यांच्याविरुद्ध मी माझा जीव पणाला लावतेय, असं तिला वाटतं. ते बरोबरच आहे.

भरती व्हायला अजून नऊ दिवस आहेत. नऊ दिवसांत काहीही होऊ शकतं, हे मला आता वाचता येतं. तरी मी रोज सकाळी आठला वर्गात जाते. पहिल्या बाकावर बसते. मॅडम माझ्याकडे न बघता शिकवतात आणि मधूनच थांबतात, मी अजून बसलेली आहे का याचा कानोसा घेत असल्यासारख्या. मी असते. मला गुपचूप घरी पाठवता येणार नाही. पडायचं असेल तर इथे पडेन, दिवसाढवळ्या, चाळीस जणींसमोर, आणि त्यांना माझी नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी लागेल. मोजतील ते लिहावं लागेल. सही मी करणार नाही.