तांबट लेनमधली कडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय ते ओळखायचं, हेच माझं काम. आवाज आला म्हणजे तो कुठून तरी आलाच असणार, एवढा साधा माझा हिशोब. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००१ची थंडी. आम्ही इंदिरानगरला राहायचो. बाबा गेल्यावर मी आईला सोलापूरहून माझ्याकडे आणलं. तिचं माहेर नाशिकच, जुन्या गावातल्या तांबट लेनमधलं. पण लग्नानंतर तिने त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. तिने स्वतःच्या मनाने, जातीबाहेर लग्न केलं, आणि तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ते वारल्याचंसुद्धा तिला महिन्याभराने कळलं. आमच्या घरी त्यांचं नाव कधी निघायचं नाही. आणि आता काचबिंदूने आईची नजर पूर्ण गेली होती.

एक दिवस चहा पिता पिता ती एकदम म्हणाली, "मला एकदा गावात फिरवून आण रे. गाडीने नको. पायी."

जुनं नाशिक मला तरी कुठे माहीत होतं? एका मित्राने मुकुंदमामांचं नाव सुचवलं. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, पाहुण्यांना हौसेने पायी गाव दाखवायचे. मी फोनवर आईचं माहेरचं नाव सांगितलं तर ते एकदम म्हणाले, "शालूताई? अहो, आमच्या समोरच्या घरातली! रविवारी घेऊन या."

सकाळी आठला रविवार कारंजावरून निघालो. आईचा हात माझ्या हातात, मामा पुढे. ते सांगत होते, पण थोड्याच वेळात आईच आम्हाला गाव दाखवायला लागली. "फुलवाले आले वाटतं... शेवंती आहे ना?" होतीच. "जपून रे, इथून उतार लागतो." लागला! भांडीबाजाराच्या तोंडाशी ती थबकली. "चिंच. कोणीतरी भांडी उजळायला काढलीत."

"आता दोन-चारच दुकानं राहिलीत, ताई," मामा म्हणाले. "पूर्वी ह्या गल्लीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? मुकुंद, आमचं दार कुठंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात सांगितलं — आजोबांनंतर घर विकलं गेलं. घेणारे मुंबईला, त्यांनी ते कधी उघडलंच नाही. खाली आजोबांचा भांडी घडवायचा कारखाना होता, त्याच्या जाड सागवानी दाराला गंजलेलं कुलूप. मागची भिंत तर कधीच ढासळलेली.

आईने दार चाचपलं. बोटांना कडी सापडली. तिने ती वाजवली — दोनदा, आणि जरा थांबून एकदा.

"काय करतेस, आई?"

"अशी मी वडिलांना जेवायला बोलवायचे. ठोकाठोकीत हाक ऐकू जायची नाही ना. मग ते आतून हातोडीने..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

टण् टण्... टण्.

आतून. तांब्यावर हातोडी पडावी तसा, स्वच्छ आणि अगदी जवळून. सवयीने माझा तळहात दारावर गेला. शेवटचा ठोका मला लाकडात जाणवला. हे मी आजही शपथेवर सांगेन.

मामांचा चेहरा पांढराफटक. "कोण आहे आत?" ते ओरडले. आम्ही दोघं बोळातून मागच्या बाजूला धावलो. छातीएवढा मातीविटांचा ढिगारा, त्यात उगवलेली झुडपं, आणि वर कोळ्यांची अखंड जाळी. माणूस आत जायला वाटच नव्हती. एका बाजूला मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला कापडाचं बंद गोदाम. त्या सकाळी गल्लीत एकच कारागीर कामाला आला होता, तोही दुसऱ्या टोकाला, हातात चहाचा ग्लास घेऊन बाहेर उभा.

परत आलो तर आई पायरीवर बसलेली. एक हात दारावर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र... इतका हलका चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"चल रे," ती म्हणाली, "भूक लागली."

त्या संध्याकाळी तिने माझ्या मुलीला पहिल्यांदा तिच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. ते हंडा कसा घडवायचे, तिला लहानपणी खांद्यावर घेऊन गोदेवर कसे न्यायचे... मग रोजच एक गोष्ट. मीही दाराआड उभा राहून ऐकायचो.

पाच वर्षांनी आई गेली. त्या जागी आता बिल्डिंग आहे. मामांनी आणि मी नंतर पुष्कळ डोकं लढवलं. प्रतिध्वनी म्हणावा तर लोखंडी कडीचा आवाज तांब्यासारखा कसा येईल? आत काही पडलं म्हणावं तर ते नेमकं तसंच, तेवढंच कसं पडेल?

आईला मी एकदाच विचारलं होतं. ती मटार सोलत बसली होती. "आई, ते नक्की काय होतं गं?"

"काय असणार?" हात न थांबवता ती म्हणाली. "मी हाक मारली, त्यांनी ओ दिली."